छत्तीस खाचा

डॉक्टर काचबिंदू म्हणाले, तेव्हा
मला वाटलं, नाव बरंय,
बांगड्यांच्या दुकानात शोभेल.
तो कडेकडेनं उजेड खात आला, दोन वर्षं.
शेवटी टाचणीएवढं भोक राहिलं
आणि त्यातून एकदा दस्तगीरच्या रिक्षाचा पिवळा पत्रा.
पिवळाच होता का, यावर आता पैज लावणार नाही.

भाऊ म्हणाला, गाळा भाड्यानं दे, बसून खा.
सहा महिने बसून खाल्लं.
वहिनी ताटात भाकरी कुठं, भाजी कुठं, सांगायची,
घड्याळाचे काटे सांगावेत तसं.
माझ्यासमोर माझ्याबद्दल बोलायची सगळी,
डोळ्यांबरोबर कानही गेल्यासारखी.

एका दुपारी चावी घेतली, न सांगता.
वडगावातले माग उजव्या कानाला ठेवायचे.
ते मागं पडले की गिरणी, ज्वारीचं ऊन पीठ,
मग उतार,
मग गटारीवरची हलणारी फरशी.
अजून हलते ती. महापालिकेचे उपकार,
बसवून घेतली असती तर वळायचं कुठं ते कळलं नसतं.
पुढं दुसरं रेल्वे गेट, त्याची घंटा,
आणि माझं शटर,
ज्याला वर ढकलताना गंजानं तळवा कापला
आणि मी मोठ्यानं हसले. बाजूचा पानवाला घाबरला.

गावात पाट्यांवरून जे चालतं ते चालतं.
मी बसच्या दाराशी उभी राहून विचारते, ही कुठली?
एक म्हणतो, उचगाव, चढा.
एक म्हणते, उचगाव री, बर्री अक्का, कूडरी.
दोन्ही लिप्या मला सारख्याच कोऱ्या,
दोन्ही भाषांतून जागा मिळते.
एकदा मात्र एका भल्या माणसानं दंडाला धरून
मला रस्ता ओलांडून दिला.
मला ओलांडायचा नव्हता.
त्याला पुण्य लागलं, मला उशीर.

नानांनी शिकवलं होतं मोटार बांधायला.
पोरीच्या जातीला कशाला, म्हणणाऱ्यांचे पंप
पुढं माझ्याच हातून गेले.
जळलेली मोटार अजूनही नाकानंच ओळखते,
वार्निशचा करपट, गोडसर वास.
छत्तीस खाचा.
पहिलीत दोऱ्याची गाठ मारते, तिथून बोट चालू लागतं.
तार अंगठ्याच्या नखावरून ओढली की नंबर कळतो.
वेढे मोजताना कुणी नमस्कार केला तर उत्तर देत नाही,
लोक म्हणतात, आंधळी झाली आणि मिजास आली.
सिरीजचा बल्ब काढून दाराची बेल लावली.
आता जोड लागला की दुकानभर कोण आलं, कोण आलं.

नाही, सगळं जमत नाही.
पन्नासच्या म्हणून कुणी वीस टेकवली दोनदा,
तिसऱ्यांदा मी नोट बोटावर मोजली
आणि त्याचं नाव बापासकट मोठ्यानं घेतलं.
भाचीचं लग्न झालं. शालू कसला, ते ती सांगत राहिली,
आमसुली, आमसुली,
आणि मला फक्त आमसुलाची चव येत राहिली.
तांब्याचा रंग विसरत चाललाय.
ते वाईट वाटतं. रोज नाही.

काल कडोलीहून भरमूचा फोन.
बसवली म्हणाला अक्का, रताळ्याला पाणी सोडलंय, ऐक.
आणि फोन विहिरीवर धरला त्यानं.
आधी वारा. मग कुणाचं तरी पोरगं.
मग माझी मोटार,
खोलातून, जाड आवाजात, न अडखळता,
आणि पाणी पाटात पडल्याचं, लांबवर.
भरमू म्हणाला, झकास ना?
मी म्हटलं, गप जरा.
परत ऐकलं.
म्हटलं, खालचं बेरिंग घासतंय रे,
माझं नव्हे, तुझं जुनंच. म्हटलेलं, बदल.
शनिवारी आण. अकराच्या आधी नको,
सकाळी मी बाजारात असते.