बदल : नाही

ओरोसहून लेखापरीक्षक येणार, म्हणून
सोसायटीच्या संगणकातली ती वही मी पहिल्यांदा उघडली.
हिशेबाची नव्हे, हिशेबावरची:
कोण आलं, किती वाजता, कुठल्या खात्यात शिरलं,
आधी काय होतं, नंतर काय केलं.
सॉफ्टवेअर बसवायला आलेला पोरगा म्हणाला होता,
"ताई, ही पुसता येत नाही. मलासुद्धा."
मी त्याला सोलकढी वाढत होते,
नीट ऐकलं नव्हतं.

बाहेर जेटीवर बर्फ फोडत होते.
तारल्यांचा लिलाव चाललेला,
खिडकीच्या गजांना खार चढून लोखंड फुगलेलं.
मी शोधत होते डिझेल,
जानेवारीतला साठ लिटरचा फरक.
सापडला. लिपिक दोन, म्हणजे मीच.
दोनशे चाळीसच्या जागी एकशे ऐंशी, दुपारी एक चाळीस,
भूक लागलेली असणार.
नऊ मिनिटांनी दुरुस्त.
चूक आणि लाज, एकीखाली एक.

पण त्यांच्या वर, त्यांच्या खाली, ही एक ओळ पुन्हा पुन्हा:

०६:१० | सचिव | खाते ४१ उघडले | बदल : नाही

लक्ष्मीपूजनाला. दहिकाल्याच्या दुसऱ्या सकाळी.
होळीला.
एकशे त्रेचाळीस सकाळी, एकही न चुकता.

सचिव म्हणजे भालूकाका मेथर,
माऊस अजून विंचवासारखा धरणारे,
पासवर्ड चष्म्याच्या डबीत ठेवणारे.
खाते ४१ म्हणजे आत्माराम खवणेकर,
होडी रवळनाथ-प्रसाद.
शेवटची नोंद डिझेल, नव्वद लिटर.
मंजुरी सचिवांची, पहाटे चार बावन्न.
आणि दुसऱ्या रकान्यात बंदर खात्याचा संदेश,
वारं उठणार, होड्या सोडू नयेत.
आला चार चाळीसला.
वाचला पाच पंचवीसला.

मी खुर्ची मागे सरकवली.
तेवढ्यात वहीत सगळ्यात वर नवी ओळ आली:
लिपिक दोन, खाते ४१ उघडले, बदल : नाही.

बिडये साहेबांनी चहात बटर बुडवत यादी खाली-वर केली.
"डिझेल जुळतंय. पण हे एकच खातं एवढ्या वेळा?"
"बंद करायचं राहिलंय, साहेब."
खोटं काहीच बोलले नाही मी.
त्यांनी हिरवी खूण केली,
बटराचा तुकडा कपात पडला, तो चमच्याने काढला,
चारची एसटी धरली.

सांजेला काका कुलूप हातात घेऊन दारात उभे.
"काय गो, नुसता बघितला तरी लिवतां ता?"
"होय, काका."
"कोणी, कधी, सगळां?"
"सगळां."
"बरां," म्हणाले. कुलूप लावलं,
ओढून पाहिलं, पुन्हा एकदा ओढून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सहा दहाची ओळ नव्हती.
तिसऱ्याही नाही.
मला वाटलं, सुटले.
आणि वाईट वाटलं, कुणासाठी ते कळलं नाही.

मे संपताना कपाट झाडायला काढलं.
कापडी पुठ्ठ्याच्या खतावण्या, वाळवीने कडा कुरतडलेल्या,
संगणकाआधीच्या, जांभळ्या शाईच्या.
सगळ्यांवर बोटभर धूळ,
एकीवर नाही.
ती हातात घेतली तर आपणहून एका पानावर उघडली:
खवणेकर, बापाच्या काळापासूनचं खातं,
उधारी, जाळ्याचा दोरा, बर्फ, पुन्हा उधारी,
मग आत्मारामची पहिली सही, मोठी, शाळेतल्यासारखी.

पानाचा खालचा कोपरा
काळपट, मऊ, पातळ झालेला,
तपकिरीचा वास असलेला.
वेळ कुठेच लिहिलेली नव्हती.

मी पान मिटलं,
आणि वरच्या खणात, त्यांच्या हाताला येईल अशी,
खतावणी ठेवून दिली.