पिग्मीची बॅग

गणपती पेठेत साडेदहाला हळदीची पोती उतरतात,
दोन शिंका येतात, मग माझा दिवस सुरू होतो.
शिरगुप्पे किराणा, पन्नास.
चष्म्याचे आदगोंडा, शंभर.
इलाहीची पानपट्टी, वीस, तेही सगळे सुट्टे.

वर्षभर लोक मला रोज थोडं थोडं देतात
आणि दिवाळीच्या आठ दिवस आधी सगळं परत मागतात.
म्हणून मला आधीच कळतं,
शिरगुप्पेंच्या सुनेला यंदा साडी नाही, मिक्सर आहे;
आदगोंडा बायकोला न सांगता
मेव्हण्याच्या मोबाईलचा हप्ता भरणार आहेत.
इलाही सात हजार तीनशे दोनदा मोजतो,
वरचे तीनशे माझ्याकडे सरकवतो:
"पुढच्या वर्षाचं आजच चालू करा ताई,
न्हाईतर चुन्यातच जातंय सगळं."

माझी यादी एका रद्द पावतीच्या पाठीवर.
नणंद: साडी, हजाराच्या आत.
तिचे मालक: टॉवेल-टोपी. (गेल्या वर्षीही तेच. असू दे.)
सासूबाई: स्वेटर. आणला तर म्हणतील कशाला,
नाही आणला तर काहीच म्हणणार नाहीत,
ते जास्त महाग पडतं.
विराज: बॅट, टेनिस बॉलची.
घरमालकीण: फराळ. डबा परत आला पाहिजे.
ऋतुजा:
इथे पेन थांबलं होतं, तसंच राहिलं.

कुपवाडच्या कंपनीनं बोनस दोन हप्त्यांत केलाय,
दुसरा संक्रांतीनंतर.
म्हणजे तिळगुळाच्या पैशांनी दिवाळी करायची,
आणि दिवाळीच्या पैशांनी गणपतीची उधारी भागवायची.

हरभट रोडवर साडी हातात घेतली.
वांगी रंग, काठ बारीक, नणंदेला शोभेल.
"तुम्हाला म्हणून सातशे ऐंशी."
मला म्हणून. शेजारी उभ्या बाईलाही म्हणूनच.
मी म्हटलं, सहाशे नव्वद.
बॅगेचा पट्टा खांद्याला काचत होता.
आत अठरा हजार सहाशे चाळीस,
पेठेतल्या एकतीस घरांची दिवाळी,
आणि मी नव्वद रुपयांसाठी
दुकानाची पायरी दोनदा उतरले, दोनदा चढले.
सातशेला दिली. पिशवी मात्र दिली नाही.

भावाला जतला फोन करून बजावलं होतं:
"यंदा ओवाळणी शंभर. वर एक रुपया नाही.
मीही विराजला बॅटीशिवाय काही देणार नाही. शप्पत घे."
"घेतली," तो म्हणाला. फार पटकन म्हणाला.

भाऊबीजेला तो आला, दोन किलो डाळिंबं घेऊन.
ओवाळलं. तबकात शंभराची नोट पडली.
मला बरं वाटलं, आणि थोडं वाईटही.
संध्याकाळी तबक घासायला घेतलं,
तांदळाखाली घडी केलेली पाचशेची.

तेवढ्यात फोन. मागे एसटी स्टँडचा भोंगा.
"बॅटच्या कव्हरात काय ठेवलंयस गं?"
"तू तांदळात काय ठेवलंयस?"
दोघंही गप्प.
मग तो म्हणाला, "म्हणजे फिट्टंफाट."
आणि गाडी लागली.

ऋतुजा जवळच उभी होती, हाताला रांगोळी.
तिला विचारलं, तुला काय हवं?
"काही नको," ती म्हणाली.
तेरा वर्षांची आहे. इतक्या लवकर
हे कुणी शिकवलं तिला, मला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी पेठ अर्धी बंद.
शिरगुप्पेंच्या बंद शटरपाशी स्कूटी लावून
मी पावतीपुस्तक काढलं.
खातेदार: ऋतुजा. रक्कम: वीस.
खातेदारातर्फे सही माझी,
एजंटाची सहीही माझी,
पहिली जरा वाकडी आली.
इलाही समोरून ओरडला,
"ताई, आज सुट्टी न्हाई व्हय?"
मी वीस रुपये बॅगेत टाकले, चेन लावली,
आणि त्याच्याकडे हात पुढे केला.