पाठ

नळ जोडायला मला बोलावलं त्यांनी,
कमिटीत घेतलं ते नंतर, चहा पिता पिता.
वेल्सच्या ह्या खोऱ्यातली खाण
बंद पडून छत्तीस वर्षं झालेली.
खाणवाल्यांचं न्हाणीघर मात्र तसंच उभं,
पांढऱ्या फरशा, रांगेत चोवीस फवारे,
मोरीत अजून बोटभर काळा गाळ.

पहिल्यांदा पाणी सोडलं तेव्हा
पाइप आधी खोकला. खोकतच राहिला.
म्हातारा टेग्विन दारात उभा होता,
म्हणाला, हा तर आमच्यातलाच.

मग खिडक्या काळ्या रंगवल्या.
ओल्वेन शिडीवर, मी डबा धरून.
तिची आजी खालून ओरडली,
जन्मभर ह्या काचा पुसल्या मी,
आणि तुम्ही विकतची काजळी फासताय?

कपाटं दोन बाजूंना:
इकडे मळके कपडे, तिकडे स्वच्छ.
आता मळक्या बाजूला फोटोचे कागद,
स्वच्छ बाजूला रसायनं. नंबर तेच ठेवलेत.
दोनशे चौदात साबणाची वडी निघाली,
भेगाळलेली, जुन्या हाडासारखी.
कुणी नेली नाही.
कुणी टाकलीही नाही.

शनिवारी पोरं येतात. तांबड्या दिव्यात
तबकात कागद बुडवून हलवत बसतात,
आणि पांढऱ्यातून काळं वर येतं, सावकाश,
जिथं रोज तीन पाळ्यांचं काळं
धुऊन निघून जायचं.
मी प्लंबर माणूस, मला त्यात काय कळणार.
पण तासभर जास्तच थांबतो,
नळ गळत नसला तरी.

काल ओल्वेननं टेग्विनची पाठ धुतली.
म्हणजे फोटो धुतला, पाठीचा.
एरवी पाठीला त्यानं साबण लावू दिला नव्हता कुणाला,
कणा मऊ पडतो म्हणायचा त्याचा बाप.
छत खाली आलं त्या वर्षीचे निळे व्रण,
कातडीखाली राहून गेलेला कोळसा.

चिमट्यानं कागद उचलून तिनं त्याच्यापुढे धरला.
निळा नाही आला, म्हणाली. करडाच आला.

त्यानं चष्मा शोधला, खिशात, डोक्यावर.
मग तसाच वाकला.
मी तरी कुठं पाहिली होती कधी, म्हणाला.
कागदावरचं पाणी त्याच्या बुटांवर ठिबकत होतं.
वाळू दे आधी.
मग सांगतो, माझीच आहे की नाही.