पाच मिलिलिटर

माझं घर मिठाचं आहे.
भिंती मिठाच्या विटांच्या, झोपायचा ओटा मिठाचा,
दार उघडलं की क्षितिजापर्यंत नुसतं पांढरं मीठ.
आणि एवढ्या मिठात, ऑगस्टच्या कडाक्यात
माझ्या पोरीचं नाक चोंदलंय.

चार महिन्यांची. नाव वायरा.
आमच्या केचुआत वायरा म्हणजे वारा.
तोंडानंही श्वास घेता येतो
ही बातमी तिच्यापर्यंत अजून पोचलेली नाही.
छातीशी लागते, दोन घोट ओढते,
सोडते, लाल होते, किंचाळते,
पुन्हा लागते.
सातुर्निनाच्या झंपरावर सांडलेलं दूध
गार होत जातं.

शेजारची बासिलिया निलगिरीचा पाला घेऊन आली.
उकळा म्हणाली, तोंडाशी धरा, छातीला मलम चोळा,
माझे सहाही असेच वाढले.
(सात होते. सातव्याचं ती बोलत नाही.)

संध्याकाळी मी मोटारसायकल काढली.
खिशात पुडी: वरच्या थरातलं, अगदी स्वच्छ,
मी स्वतः खरवडलेलं मीठ.
नर्स नीएवेसनं पुडी उघडली, बोटानं ढवळली.
"यात आणखी काय काय आहे
तुला माहीत नाही, मलाही नाही.
हे लामांना चाटायला दे.
आणि मलम चोळायचं नाही, एवढ्या लहान पोराला तर नाहीच."

मग कपाटातून एक कुपी काढली, करंगळीएवढी.
दूरच्या कुठल्या शहरातून आलेली.
वर लिहिलेलं: पाणी, मीठ.
हजार भागांत नऊ भाग.
वयाच्या अकराव्या वर्षापासून मी मीठ ओढतोय,
ढीग लावतोय, ट्रक भरतोय,
गॅसच्या ज्योतीवर पिशव्यांची तोंडं चिकटवतोय;
इतकं कमी मीठ
आजवर हातात कधी धरलं नव्हतं.

"पाजायच्या आधी. एकेका नाकपुडीत दोन-दोन थेंब.
मग थांबायचं. घाई तुला असेल, थेंबांना नसते.
हा रबरी फुगा आधी दाबायचा, मग नाकाशी टेकवायचा,
मग हळू सोडायचा. उलटं केलंस तर सगळं आत जाईल.
बरगड्या आत ओढायला लागली, ओठ निळे दिसले,
तर सकाळची वाट बघू नकोस. माझी खिडकी वाजव."

घरी आलो. कुपीचं टोक मोडलं. टक.
माझी बोटं भेगाळलेली, पहारीची सवय असलेली;
एक थेंब तिच्या गालावर, एक माझ्या मनगटावर,
तिसरा कुठं गेला कळलं नाही.
चौथा गेला आत.
पोरगी इतकी चकित झाली
की रडायचंच विसरली.

फुगा दाबला, टेकवला, सोडला.
काही नाही.
पुन्हा. थोडंसं पाणी.
आत खुरखुर तशीच, जुन्या पंपासारखी.

"सर तिकडे," सातुर्निना म्हणाली,
आणि खाली वाकून
तिचं इवलंसं नाक ओठांत धरलं,
ओढलं,
चुलीच्या राखेत थुंकली.
मी बघत राहिलो.
तीन वर्षांपूर्वी उयुनीच्या बाजारात
हीच बाई पेल्यावरची माशी बघून
पेलाभर रस ओतून देत होती.

"खारट आहे," तोंड पुसत ती म्हणाली,
"तुझीच पोर."

नर्सला हे सांगायचं नाही असं आमचं ठरलं.

ओले लंगोट शेगडीजवळ टांगले,
हवा थोडी ओलसर व्हावी म्हणून.
वायरा लागली, आणि सोडलं नाही.
घोट, श्वास, घोट, श्वास.
मी मोजत बसलो; चाळिसाच्या पुढं
कधीतरी आकडे हरवले.

चार वाजता उठलो, पहार घेतली.
बाहेर चांदणं मिठावर इतकं पडलेलं
की डोळे दुखावेत.
दहा पावलं गेलो असेन,
शिंक आली.
मग दुसरी.
बाहीनं नाक पुसलं.
बाही लगेच कडक झाली.