पत्त्यावर आढळून आली नाही

कलेक्टर कचेरीतून नागरिकत्वाचा दाखला हातात पडला
त्या दिवशी मी सगळ्यात आधी काय केलं, तर
जेल रोडच्या झेरॉक्सवाल्याकडे जाऊन
तो लॅमिनेट करून घेतला.
चाळीस रुपये.
एकोणीस वर्षं वाट पाहिलेला कागद,
घामाने, हळदीच्या बोटाने
खराब व्हायला नको म्हणून.

पासपोर्टच्या खिडकीतली मुलगी म्हणाली,
मॅडम, हे चालत नाही.
प्लास्टिक काढून आणा.

मग मी आणि हे,
सुती धोतराचा तुकडा, मंद इस्त्री,
श्वास धरून बोटबोटभर सोलत गेलो.
नाव सुटून आलं. तारीख सुटून आली.
शिक्का अर्धाच आला.
उरलेला प्लास्टिकला चिकटून राहिला
उलटा, आरशात दिसावा तसा.

अर्ध्या शिक्क्याचं काय करायचं
हे इंदूरच्या हपिसात कुणालाच सांगता येईना.
फाईल भोपाळला गेली.

जन्म माझा कराचीचा, रतन तलावामागच्या गल्लीतला.
घरात मराठी, दारात सिंधी, शाळेत उर्दू.
इथे रामबागेतल्या आपटेकाकू म्हणतात,
तुझं मराठी जरा निराळंच आहे गं.
मी दरख्वास्त म्हणते, त्या अर्ज म्हणतात.
आता दोन्ही करून झालंय.

तिकडच्या कागदांवर मी रतन माला, सुटी सुटी.
इकडच्या आधारवर रत्नमाला, जोडून.
मधल्या त्या एवढ्याशा मोकळ्या जागेसाठी
शंभराच्या स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं
की या दोन्ही बायका एकच आहेत
आणि त्या दोघींचं माझ्याशी पटतं.
(शेवटचं वाक्य वकिलांनी खोडलं.)

हिरवा पासपोर्ट परत केला
तेव्हा त्यांनी पोच दिली.
ती पोच मी जपून ठेवली आहे.
लॅमिनेट केलेली नाही.

ठाण्यातले कुशवाह चौकशीला आले ते मंगळवारी.
त्याच मंगळवारी, त्याच वेळी
मी पासपोर्टच्या रांगेत उभी होते
पोलीस अजून का आले नाहीत
हे विचारायला.
आमच्या दाराला कुलूप. समोरचे लग्नाला उज्जैनला.
त्यांनी हिंदीत लिहिलं, पते पर नहीं पाई गई.
मी मनात मराठीत करून पाहिलं.
मग उर्दूत.
तिन्हीत मी नव्हतेच.

दिगंबरदादा तिकडे राहिला.
ठरलं असं होतं, की भाचीकडे मस्कतला भेटायचं,
तो तिकडून येईल, मी इकडून.
भाचीचं बाळंतपण झालं,
बारसं झालं,
पोरगं आता सोफ्याला धरून उभं राहतं
आणि फोनमध्ये मला बघून
टीव्ही समजतं.
दादाने दोनदा तिकीट काढलं, दोनदा रद्द केलं.
पैसे कापले जातात, त्याबद्दल बोलत नाही.
परवा विचारत होता,
तुमच्या पासपोर्टचा रंग कसा असतो गं?
निळा, म्हटलं.
म्हटलं, निळाच असणार. यांचा पाहिलाय.

हे म्हणतात, पुन्हा चौकशी लागेल, धीर धर.
धीर मी एकोणीस वर्षं धरलाच होता,
तो सोडायचा कधी
हे दाखल्यावर कुठे लिहिलेलं नाही.

आता मी बाहेर जात नाही.
भाजी हे आणतात,
दुपारची झोप मी खुर्चीतच घेते, दाराकडे तोंड करून.
काल बेल वाजली.
पदर सारखा केला, आधार घेतलं, पोच घेतली,
अर्ध्या शिक्क्याचा दाखला घेतला, उघडलं.

गॅसवाला होता.
म्हणाला, रत्नमाला नाईक?
किती दिवसांनी कुणीतरी
एका दमात, न अडखळता विचारलं.

हो, म्हटलं. मीच.
इथेच राहते.
कुठे सही करू?