सहा नंबरची दोरी

कुलेन वाकुफला, ऊना नदीच्या पुलाशी
झियादचं दुकान.
बाबांची गळाची काठी मी काउंटरवर ठेवली.
मुठीवरचा आकडा त्यांच्या अंगठ्यानं
कधीच झिजवून टाकलेला.

झियादनं ती हलवून पाहिली,
कलिंगड निवडावं तसा कान लावून.
"पाचची आहे. ते पाचचीच दोरी न्यायचे,
पिसांची माशी थेट पलीकडच्या काठाखाली."

"मग पाचच दे."
"तू कुठवर टाकतेस?"

मी दारातल्या अक्रोडाकडे बोट केलं.
तेही जरा लांबच सांगितलं.

त्यानं सहाची काढली, शेवाळी रंगाची.
"जवळ टाकणाऱ्याला दोरी जड लागते, सेनादा.
नाहीतर काठीला कळतच नाही
कुणी ओढतंय ते."

मागच्या गवतात मी मनगट मागे नेलं,
थांबले.
काठी वाकली, पार मुठीपर्यंत.

झियादच्या कोंबड्या ओरडत पळाल्या.