परिशिष्ट क

कोर्ट नाक्यावर झेरॉक्सच्या टपरीला लागून
टायपिस्ट बसतो. टेबलाचा एक पाय
विटेच्या तुकड्यावर.
पाचशेचा स्टॅम्प. वय अठ्ठावन्न,
धंदा : निवृत्त, पाणी खातं, ठाणे महानगरपालिका.
लिहून देणार मी.
लिहून घेणार हिरामण बाळाराम म्हात्रे, राहणार सानपाडा गाव.
खाली तेच उलटं,
तो देणार, मी घेणार.
देण्याघेण्याचं इतकं आम्ही
आजवर बोललोही नव्हतो.

वैतीवकील म्हणाले, आधीच सांगतो,
असला कागद कोर्टात टिकेलच असं नाही.
असू दे, खेमराज म्हणाला. बांध घातलेला बरा.
त्याच्या आजोबांचे खाडीकडचे बांध
एका दुपारी सपाट झाले होते.
त्याला बांधाची किंमत कुणी शिकवायला नको.
पुण्याहून ऋजुताचा फोन :
आई, कलम सात दोनदा वाच.

परिशिष्ट अ, माझी मिळकत.
चरईतला दुसरा मजला, चारशे दहा फूट.
पूर्वेस जिना, पश्चिमेस देवस्थळ्यांची भिंत,
दक्षिणेस मोकळी जागा, उत्तरेस रस्ता.
एकतीस वर्षं राहिले,
आणि माझ्या घराला बाहेरून कोण कोण टेकून आहे
हे आज दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं.

परिशिष्ट ब, त्याची.
साडेबारा टक्क्यांतला भूखंड. चार भावांची नावं,
पाचवं बहिणीचं, तिची सही अजून बाकी.
एक होडी, वापरात नाही.
लिहू का, टायपिस्टने विचारलं.
लिहा, तो म्हणाला. सडली तरी माझीच.
यावर अन्य कोणाचाही हक्क वा हितसंबंध राहणार नाही.
अन्य कोणाचाही, म्हणजे माझा.
मी मान हलवली. होडी घेऊन मी काय करणार?
तरी ते वाक्य थोडा वेळ घशात राहिलं
बोंबलाच्या काट्यासारखं.
मऊ असतो, पण काटाच.

परिशिष्ट क, उभयतांची.
टायपिस्टची बोटं कळांवर थांबली.
उभयतांचं काय?
आम्ही एकमेकांकडे पाहिलं,
दुकानात सुटे पैसे शोधावेत तसं.
निरंक लिहा, वकील म्हणाले.

तेव्हा तो म्हणाला, डबा.

कळव्याला डायलिसिसच्या खोलीबाहेर एक बाक होता.
सोमवार, गुरुवार.
आत त्याची पार्वती, आत आमचे हे.
नळ्या कुणाच्या लवकर सुटतात त्यावर
कुणी आधी जेवायचं ते ठरे.
डब्यावर कोरलंय, सौ. पार्वती हि. म्हात्रे, १९८८.
झाकणावर, र. वि. टिपणीस.
अदलाबदल कधी झाली, ते सांगता येत नाही.
ती गेली मार्गशीर्षात, हे चैत्रात.
डबा मात्र खाडी ओलांडत राहिला,
रिकामा एकदाही नाही.
तिकडून निवट्यांचं कालवण,
इकडून वालाचं बिरडं.

खेमराजने पिशवीतून डबा काढला,
आईच्या नावावरून अंगठा फिरवला.
हा आमचाय, म्हणाला.
मग झाकण उलटून पाहिलं,
आणि पुढचं काही म्हणाला नाही.

अंदाजे किंमत?
कुणालाच सांगता येईना.
टायपिस्टने आपल्या मनाने टाकलं :
डबा, स्टील, झाकणासह, एक नग, जुना.

राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय,
नशापाणी न करता सह्या केल्या.
त्याची सही मी पहिल्यांदा पाहिली.
शाळकरी. प्रत्येक अक्षराला वेगळी शिरोरेघ,
जणू शेजारच्या अक्षराशी वाटण्या झाल्यात.

मग कटिंग प्यायलो, उभ्यानेच.
कलम चारप्रमाणे निम्मे निम्मे द्यायचे होते.
त्याने दिले. मी हिशेबात धरले नाहीत,
त्यानेही नसावेत.

त्या डब्यावर ते झाकण नीट बसत नाही.
बसवलं तर कालवण सांडतं,
म्हणून रुमालात बांधावा लागतो, दोन गाठी.
रुमाल कुणाचा,
ते लिहायचं राहूनच गेलं.